तिसऱ्या नळीतलं धुकं

"मॅडम, मशीन बराबर हाये. अकोला बिघडलं हाये."

कुलदीप गावंडे माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. मे महिन्यातली दुपार होती. आमच्या प्रयोगशाळेचं इनक्युबेटर सकाळपासून ओरडत होतं आणि मी घाबरून जठारपेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात फोन केला होता. तिथून हा आला. उंच, सावळा, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याने दार उघडून आत हात घातला, थर्मामीटर पाहिला आणि हसला.

"हसायला काय झालं?" मी म्हटलं.

"तुमाले आत किती पायजे?"

"सदतीस डिग्री."

"आन् या खोलीत बेचाळीस हाये. हे कपाट फक्त गरम करू शकते मॅडम. थंड कसं करन बिचारं?"

मी खजील झाले. एम.एस्सी. केलेली मुलगी, आणि एवढं साधं डोक्यात आलं नव्हतं. पण मला तेव्हा भीतीच इतकी होती की डोकं चालतच नव्हतं. आत माझे दोन महिन्यांचे जिवाणू होते. ते मेले असते तर सगळं काम पहिल्यापासून.

मी अमरावतीची. नाव जयवंता. सूक्ष्मजीवशास्त्रातलं संशोधन करायला अकोल्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टर नासिर यांच्या हाताखाली आले होते. ती वर्षं वऱ्हाडाला फार वाईट गेली. फवारणीचं औषध पिऊन आलेली माणसं श्वासाच्या मशीनवर महिना महिना पडून असत. त्यांच्या नळ्यांत, जखमांत जिवाणू शिरत. एकामागून एक अँटिबायोटिक पचवून ते असे निबर झाले होते की कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. ते मी गोळा करायची आणि अमरावतीच्या एका औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत तयार झालेली नवी औषधं त्यांच्यावर वापरून बघायची. त्या औषधांना अजून नावंही नव्हती, नुसते नंबर होते. सहा नंबरपर्यंत सगळी नापास झाली होती.

"कूलर लावून देऊ का?" कुलदीपने विचारलं.

"कूलर नको. पाणी उडतं, बुरशी येते."

"मंग एसी."

"दवाखाना देणार नाही."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी उगाच टेबल पुसायला लागले. दोन दिवसांनी तो भंगारातला एक जुना एसी घेऊन आला. थर्माकोल ठोकून त्याने इनक्युबेटरभोवती छोटी खोली केली, आणि संध्याकाळी काटा सदतीसवर येऊन थांबला. मला इतका आनंद झाला की मी हातमोजे घालूनच टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मशीनची काहीच तक्रार नव्हती. तक्रार नसताना कुलदीप रोज यायला लागला.

"कंप्रेसर पाहून जातो," तो म्हणायचा.

"कालच पाहिला ना?"

"काल त्याचा आवाज येगळा होता."

कंप्रेसरकडे तो कमी बघायचा. प्रयोगशाळेत झाडलोट करणारी शालू मला डोळ्यांनी खुणावून हसायची आणि मी तिला दटावायची... पण चार वाजले की माझं लक्ष जिन्याकडे जायचं, हेही खरं.

"जयवंता म्हन्जे माह्या आजीच्या मैतरणीचं नाव झालं," एकदा तो म्हणाला.

"माझ्या आजीचंच आहे ते."

"मंग मी आजी म्हणू का?"

"मॅडम म्हणा. तेच बरं."

एकदा तो उसाचा रस घेऊन आला. मी बाहेरचं काही खात-पीत नव्हते. दिवसभर जिवाणूंकडे बघितलं की पाण्याच्या थेंबाचीही भीती वाटते. तो म्हणाला, "बर्फ नाई टाकला. गिलास उकळत्या पान्यात धुतला. चरखाही धुवाले लावला, रसवाला मले येडा समजून राहिला." मी घाबरत घाबरत तो रस प्यायले. इतका गोड रस मी त्याआधी प्यायले नव्हते. पोटात काही झालं तर, ही धाकधूक मात्र रात्री झोपेपर्यंत होती.

सात नंबरच्या औषधाची प्लेट ज्या दिवशी तयार झाली त्या दिवशी तो तिथेच होता. मी ती उजेडात धरून त्याला दाखवली. काचेच्या बशीत जिवाणूंचा हिरवट थर पसरलेला, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या. जुन्या औषधांच्या टिकल्यांना जिवाणू अगदी खेटून वाढले होते. सात नंबरच्या टिकलीभोवती मात्र मोकळं, स्वच्छ गोल रिंगण होतं.

"इथं कोनीच नाई," तो म्हणाला.

"इथे औषध जिंकलं."

"मंग वरच्या वार्डातल्या लोकाइले काहून नाई देत?"

"अजून कुठल्याच माणसाला दिलेलं नाही ते. आधी उंदीर, मग ससे... वर्षं जातात."

"वर्षं," तो म्हणाला. वरच्या वॉर्डात त्याच्या गावाकडचं कोणीतरी होतं, हे मला नंतर कळलं. तो माणूस त्याच आठवड्यात गेला.

जूनमध्येही ऊन हटलं नाही. वॉर्डातले कूलर बंद पडले आणि दुरुस्तीचं काम कुलदीपच्या दुकानाला मिळालं. मी वॉर्डातून जाताना त्याला कूलर उघडून बसलेला बघायची. तो गंजलेला पत्रा वाकवत असायचा आणि मला बघून उगाच जास्त जोर लावायचा. मग तीन-चार दिवस तो आलाच नाही. चार वाजले, पाच वाजले. शालू म्हणाली, "मॅडम, जिना पाहू पाहू मान दुखन तुमची."

तो आला शुक्रवारी. नवा निळा शर्ट, भांग पाडलेला. डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. शालू काहीतरी निमित्त काढून बाहेर गेली. तो माझ्या टेबलापाशी आला, थांबला, मग आणखी एक पाऊल पुढे आला. इतका जवळ तो कधीच आला नव्हता. मी प्लेट खाली ठेवली. मला भीती वाटत होती, पण ती गोड होती.

"मॅडम... म्हन्जे जयवंता..." तो म्हणाला. "एक सांगाचं होतं. लय दिवसापासून..."

आणि मला वास आला.

द्राक्षांसारखा, गोडसर, जरा शिळा वास. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं पोराने अत्तर लावलंय. पण हा वास मी रोज घेत होते. प्लेट हुंगायची नाही, असा प्रयोगशाळेचा नियम असतो आणि तो सगळेच मोडतात. नासिर सर रागावतात आणि स्वतःही हुंगतात. झाकण उचललं की हा वास नाकात शिरतो आणि प्लेट न बघता कळतं, आत कोण आहे ते.

"मले असं वाटते का तुमी आन् मी..."

"हात दाखव," मी म्हटलं.

"आधी आयकून तर घ्या..."

"कुलदीप, हात दाखव."

मी त्याला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती, आणि तो खुळा त्याचंच हसू ओठांवर घेऊन रुमाल सोडायला लागला. आतल्या पट्टीवर हिरवा डाग होता. करंगळीपासून मनगटापर्यंत हात सुजून तकतकीत झाला होता. मी कपाळाला हात लावला. चटका बसला.

"कधी लागलं?"

"चार-पाच दिवस झाले. कूलरच्या पत्र्यानं कापलं. काही नाई झालं, लगेच धुतला ना मी."

"कशाने धुतलास?"

"टाकीतल्या पान्यानं. गार पानी होतं, बरं वाटलं."

अकोल्याच्या उन्हात काम करणारा कोणीही हेच करेल. कूलरच्या टाकीत हात बुडवेल, तोंडावर पाणी मारेल. त्या टाकीत महिनोन् महिने साचलेलं पाणी होतं, आणि दहा पावलांवर श्वासाच्या मशीनवरची माणसं होती. जे जिवाणू मी नळ्यांतून, जखमांतून गोळा करत होते ते त्या टाकीत मजेत राहत होते. दुसऱ्या दिवशी पाणी तपासलं तेव्हा ते सिद्धही झालं आणि सगळे कूलर खाली उतरवले गेले. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं, की माझा जिवाणू याच्या हातात शिरलाय.

मी त्याला तशीच दंडाला धरून खाली घेऊन गेले. त्याचं वाक्य तसंच राहिलं.

त्याला दाखल केलं. मी स्वतः जखमेतला नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी जिवाणू वाढले, त्याच्या पुढच्या दिवशी औषधांची प्लेट तयार झाली. इनक्युबेटरचं दार उघडताना मी देवाचं नाव घेतलं. काही उपयोग झाला नाही. दवाखान्यात होती ती सगळी औषधं नापास. सवयीने लावलेली सात नंबरची टिकली तेवढी मोकळ्या रिंगणात बसली होती.

ताप उतरेना. सूज मनगटाच्या वर सरकली. सर्जन म्हणाले, "औषध नसेल तर मी फार थांबू शकत नाही. कोपराखालून हात काढावा लागेल. नाहीतर विष रक्तात जाईल आणि मग हातापुरतं राहणार नाही."

मी नासिर सरांच्या खोलीत गेले. ते चष्मा पुसत होते.

"सर, सात नंबर."

"नाही."

"प्लेटवर बघा ना सर..."

"बेटा, प्लेटला किडनी नसते," ते म्हणाले. "लिव्हर नसते, दिल नसतो. तिथं ॲसिड टाकलं तरी रिंगण होतं. हे औषध त्याला वाचवेल का मारेल, तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"मलाही नाही. म्हणून नाही."

मी प्रयोगशाळेत परत आले आणि फ्रिज उघडून उभी राहिले. सात नंबरची बाटली समोर होती, माझ्या बोटाएवढी. माझ्या मनात काय काय आलं ते सांगायचीही लाज वाटते. इतक्यात मागून कोणीतरी म्हटलं, "बाई, आत येऊ का?"

कुलदीपची आई होती, दुर्गाबाई. बाळापूरजवळच्या गावाहून सकाळीच आली होती. पदर डोक्यावर, पायांना रस्त्याची धूळ. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाटलीकडे बघत होती. आजारी पोराने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"त्या औषधानं किडे मरतेत म्हन्ते तो."

"काचेवर मरतात, आई. माणसाला अजून दिलं नाही ते कोणी. त्यानं तुमचा पोरगा वाचन का... का जाईन, मले सांगता येत नाई."

"तुह्या सोताच्या मानसाले दिलं असतं का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माह्याच मानसाले नाई देऊन राहिले, आई."

फ्रिज उघडाच होता आणि त्याची मोटार घरघरत होती. मग तिने पुढे होऊन स्वतः त्याचं दार लावलं आणि माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मी तिथेच रडले. तिने मला रडू दिलं, गप्प बस म्हटलं नाही.

संध्याकाळी नासिर सर आले. "एक जुनं इंजेक्शन आहे," ते म्हणाले. "आमच्या तरुणपणी बंद पडलं, किडनीला त्रास देतं म्हणून. पण माणसांना दिलेलं आहे. किती दिलं तर झेपतं ते माहीत आहे. हल्ली अशा जिवाणूंसाठी लोक पुन्हा काढतात ते. अकोल्यात नाही. अमरावतीच्या ठोक विक्रेत्याकडे आहे, मी बोललो."

सकाळच्या पहिल्या बसने मी अमरावतीला गेले. स्वतःच्या गावात उतरले आणि घरी गेले नाही. आईने तोंड बघून सगळं ओळखलं असतं. बर्फाच्या डब्यात इंजेक्शनं घेऊन परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा डबा मांडीवर घट्ट धरला होता. मूर्तिजापूरला बस थांबून राहिली तर मी ड्रायव्हरशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाशी भांडले असेन.

पण इंजेक्शन आणलं म्हणजे झालं असं नव्हतं. ते याच्या जिवाणूवर चालतं का, आणि किती मात्रेला, हे बघायचं होतं. त्यासाठी मी नळ्यांची ओळ लावली. प्रत्येक नळीत कुलदीपचे जिवाणू, आणि औषध आधीच्या नळीपेक्षा दुप्पट. जिथे जिवाणू वाढतील ती नळी गढूळ होणार, जिथे मरतील ती नितळ राहणार. माणसाला झेपेल इतकी मात्रा तिसऱ्या नळीपर्यंतच होती. तिसरी नितळ राहिली तर इंजेक्शन सुरू. ती गढूळ झाली तर हात काढायचा, सर्जननी तयारी करून ठेवली होती.

सकाळी मी नळ्या बाहेर काढल्या. पहिल्या दोन गढूळ होत्या. चौथ्या-पाचव्या नितळ. तिसरी मी खिडकीपाशी नेली, मागे वर्तमानपत्र धरलं. अक्षरं दिसत होती. स्पष्ट दिसत होती... का जरा पुसट? तळाशी धुकं होतं का? मी नळी फिरवली. नव्हतं. पुन्हा बघितलं. होतं असं वाटलं, आणि वाटल्याबरोबर मी स्वतःला सांगितलं, काचेवरचा डाग आहे. काच पुसली. आता नव्हतं.

सर दारात उभे होते. "काय आलं?"

"सर, तुम्ही वाचा."

"नळ्या तू लावल्या, तू वाच. रोजचं काम आहे तुझं."

"मले नाई वाचता येणार, सर."

"काहून?"

"मले ती नितळच दिसून राहिली," मी म्हटलं. "गढूळ असती ना सर, तरी मले नितळच दिसली असती. जे पायजे तेच दिसून राहिलं मले."

मला वाटलं आता सर रागावतील, संशोधकाला हे शोभतं का म्हणून. त्यांनी शालूला हाक मारली. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या, तिच्याच खुणेच्या चिकटवून कुठली कुठे गेली ते कागदावर टिपायला लावलं, नुसत्या पाण्यासारख्या स्वच्छ दोन-तीन नळ्या मध्ये मिसळायला लावल्या, आणि तोवर स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तुम्ही काहून तोंड फिरवलं, सर?" शालूने विचारलं.

"मलाही तो पोरगा आवडतो," सर म्हणाले.

मग ते बसले. एकेक नळी उजेडात धरून वाचायला लागले. गढूळ. नितळ. नितळ. गढूळ. एका नळीपाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. कुलदीपचा आख्खा हात त्या नळीत होता.

"नितळ," ते म्हणाले.

शालूने कागद बघितला. ती तिसरी होती.

इंजेक्शन सुरू झालं. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण भीती तशी संपत नाही. रोज सकाळी ताप किती, सूज किती, लघवी किती झाली, हे मी नर्सला दोन-दोनदा विचारायची. किडनीचे रिपोर्ट जरा वर चढले, तेव्हा मी जेवले नाही. करंगळी काळी पडली होती. ती सर्जननी काढली. हात राहिला.

ज्या दिवशी ताप पूर्ण उतरला त्या दिवशी कुलदीप उशीला टेकून बसला होता. गाल बसलेले, दाढी वाढलेली, डोळे मात्र तेच. दुर्गाबाईंनी मला स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "मी जरा चहा पिऊन येतो." खिडकीत चहाचा भरलेला कप तसाच होता.

"सर सांगत होते," तो म्हणाला, "तुमाले ते नळी वाचताच नाई आली म्हन्ते."

"नाही आली."

"एवढ्या शिकल्या तुमी."

"हो."

"काहून नाई आली?"

त्याला ठाऊक होतं. तरी त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी खाली बघत म्हटलं, "भेव वाटलं."

"कायचं?"

"तुह्यं," मी म्हटलं. मग थांबता येईना. "मले वाटलं होतं तुले बरं वाटलं का भेव जाईन. नाई गेलं. आता तू कूलर खोलला का भेव वाटन, तुले शिंक आली का भेव वाटन, घरी याले उशीर झाला तर वाटन. आधी मी आपल्या जिवापुरती भीत होती, बरं होतं. आता जनमभर तुह्यापायी भ्याचं हाये मले."

मग पट्टी बांधलेला हात त्याने हळूच पांघरुणावरून माझ्याकडे सरकवला.

"चार बोटाचा मिस्तरी चालन?"

"चालन."

"मंग भे," तो म्हणाला. "मीही भेतो. तुह्या त्या बाटल्याइतून तू घरी येतपर्यंत भेत जाईन."

मी त्याच्या हाताखाली हात ठेवला. तो अजून गरम होता, पण तापाने नव्हे. दारातून नर्सने आवाज दिला, किडनीचा आजचा रिपोर्ट खाली तयार आहे, कोणी घेऊन येता का. आज तो वर चढला असेल का, हेच लगेच मनात आलं.

"मी आणते," मी म्हटलं, आणि त्याचा हात सोडून जिना उतरायला लागले.